तऱ्हाळ्याची नाणी आणि असीरगडचे खड्डे

मार्च 2025. 'छावा' चित्रपट गाजत होता आणि बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगडाजवळच्या शेतांत रात्री बॅटऱ्या चमकू लागल्या. मोगलांची सोन्याची नाणी निघतात, अशी अफवा उठली होती. लोक कुदळी-फावडी, चाळण्या, काहीजण तर मेटल डिटेक्टर घेऊन आले. सकाळी शेतात खड्डे उरले.

तेव्हापासून इकडची पोरंही विचारतात, सर, ते मशीन घेतलं तर बाजाराच्या मैदानात, ई-क्लासमध्ये काही सापडेल का?

सापडेल. मशीनच्या तबकडीतून चुंबकीय लहरी जमिनीत जातात, खाली धातू असला की त्या बदलतात आणि कानात आवाज येतो. एकटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंत कळतं. पण आवाज खिळ्याचाही येतो, बाटलीच्या झाकणाचाही. आठवडी बाजाराच्या जागेत शंभर वेळा उकरावं तेव्हा एखादं जुनं नाणं हाती लागायचं.

आपली माती मात्र रिकामी नाही. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार म्हणून मेहकरचं नाव आहे. बुऱ्हाणपूरला मोगलांची टांकसाळ होती. 1724 मध्ये साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्कने मुबारिजखानाला हरवलं, तिथून पुढे निजामाचा अंमल पक्का झाला. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. प्रत्येक राज्याचा पैसा या बाजारांतून फिरला. उर्दू येणाऱ्याला इथे थोडी सोय आहे: नाण्यावर 'जर्ब' हा शब्द शोधा, त्याच्या शेजारी टांकसाळीचं नाव असतं. 1857 नंतरच्या निजामी नाण्यांवर 92 हा आकडा दिसतो. ते साल नव्हे. अबजद हिशोबाने 'मुहम्मद' या नावाची ती बेरीज आहे.

असीरगडचं सोन्याचं नाणंही खरंच होतं. किल्ला जिंकल्यावर अकबराने ससाण्याचं चित्र असलेली मोहर पाडली. पण ती विजयाची आठवण म्हणून. शेताशेतात पेरायला नव्हे!

मला जास्त मोलाची वाटतात ती तऱ्हाळ्याची नाणी. तऱ्हाळा आमच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात. तेव्हा तो भाग अकोला जिल्ह्यात होता. 1939 मध्ये तिथे सातवाहनांची दीड हजारांहून अधिक नाणी सापडली. सोनं नाही, चांदी नाही, हलक्या मिश्रधातूची. सोनाराने हातात धरली नसती. पण ती एकत्र राहिली, नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं पुढे आली. हीच नाणी रात्री दीडशे खिशांत गेली असती तर ते राजे पुन्हा मेले असते.

कायदा जुना आहे, 1878 चा निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. लपवलं तर हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवलं, कुणी मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, उरलेला जमीनमालकाचा. सरकारला तो ठेवा हवा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेतं. गंमत अशी की फिकहमध्येही 'रिकाज' म्हणजे जुन्या दफिन्याच्या प्रकरणात पाचवाच हिस्सा आहे, फक्त तिथे तो सापडणाऱ्याने बैतुलमालला द्यायचा.

लोणारचं दैत्यसूदन मंदिर, सिंदखेडराजाचा राजवाडा अशा संरक्षित जागांच्या आवारात मात्र मशीन नेऊच नका. तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. दुसरीकडे जायचं तर आधी शेतमालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारा, दिवसाउजेडी जा, उकरलेलं बुजवा. नाणं निघालं की जागेचा फोटो आधी घ्या. आणि ते चिंचेने घासू नका. घासलं की नाणं चकचकीत होतं आणि अक्षरं जातात.