पिशवीचा इतिहास व आपल्या ज्ञातीचे कर्तव्य

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या स्वाऱ्या, तहनामे आणि वंशावळी एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आपल्या स्मरणिकेतही आजवर संतचरित्रे, कुलवृत्तान्त व ज्ञातीतील कर्त्या पुरुषांचे परिचय हेच प्रामुख्याने आले आहेत, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही एका अगदी सामान्य वस्तूचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. ही वस्तू म्हणजे बाजारात न्यावयाची पिशवी. २०२३ सालच्या डिसेंबरापासून आपल्या संस्थेचे स्वयंसेवक पुणे शहरात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा वापर कमी व्हावा म्हणून खटपट करीत आहेत. या खटपटीविषयी समाजात उलटसुलट बोलले जाते; काही वडीलधाऱ्या मंडळींस ती मुळीच रुचलेली नाही. त्यांच्या आक्षेपांचा विचार करण्यापूर्वी ही पिशवी आपल्या हातून केव्हा व कशी सुटली, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नामदेवरायांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या शिंपी ज्ञातीच्या सुईखालून केवळ अंगरखे, बाराबंद्या व चोळ्याच बाहेर पडत असत असे नव्हे. पानसुपारीची चंची, पैशांचा कसा, स्त्रियांचा बटवा, वाटसरूची पडशी, गोसाव्याची झोळी, दरबारी पत्रांचा खलिता अशा किती तरी प्रकारच्या पिशव्या शिवणाऱ्याच्याच हातच्या. ज्यांनी आज साठी ओलांडली आहे त्यांस मांजरपाटाची जाडीभरडी पिशवी आठवत असेलच. दारामागच्या खुंटीला ती टांगलेली असे, आणि घरातला कोणीही बाहेर निघाला की हात आपोआप तिच्याकडे जाई. किराणा कागदाच्या पुड्यांत, दोऱ्याने बांधून मिळे. तेलासाठी घरची बरणी न्यावी लागे. लग्नाचा बस्ता बांधावयास लक्ष्मी रस्त्यावर जावे, तर दुकानाचे नाव छापलेली कापडी पिशवी मिळे, आणि ती पुढे कित्येक वर्षे घरात वावरे. गिऱ्हाइकाने सदऱ्याचे कापड दिले की बेतल्यावर उरलेल्या तुकड्यांची लहानशी पिशवी शिवून, तीतच तयार सदरा घालून परत देणारे कारागीर आपल्यांत पुष्कळ होते. त्या पिशवीचे वेगळे पैसे नसत. शिंप्याने कापड ठेवून घेतले नाही याची ती पावतीच होती म्हणा ना!

या पिशवीला हटविणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा जन्म दूर स्वीडन देशात झाला. सेलोप्लास्ट नावाच्या कंपनीतील स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी ती बेतली व १९६५ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. आपल्या कारागिरांनी तिचा बेत एकदा अवश्य डोळ्यांखालून घालावा. प्लॅस्टिकची सपाट नळी घ्यावयाची, वर व खाली उष्णतेने चिकटवावयाची, आणि वरच्या बाजूने मधला तुकडा कापून टाकला की दोन्हीकडे बंद आपोआप तयार! टीप नाही, दुमड नाही, बंद निराळे जोडणे नाही. आकार म्हणाल तर हुबेहूब बंडीचा. बेतणाऱ्याच्या दृष्टीने पाहता असा काटकसरीचा बेत आम्ही दुसरा पाहिलेला नाही. थुलिन यांच्या चिरंजीवांनी पुढे सांगितले आहे की, वडील ती पिशवी घडी करून खिशात ठेवीत व पुन्हा पुन्हा वापरीत. कागदी पिशव्यांपायी तुटणारी झाडे वाचावीत असा त्यांचा हेतू होता. एकदा वापरून फेकण्याची चाल जगाने पाडली, त्यांनी नव्हे.

आपल्याकडे ही पिशवी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत घरोघर शिरली. तिच्यावर सरसकट दोष ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पावसात भिजत नाही, मासळीचे पाणी गळू देत नाही, वजनाला हलकी आणि गिऱ्हाइकाला फुकट. अशी वस्तू कोण नाकारील? शिवाय आपणही काही मागे राहिलो नाही. तयार कपड्यांवर पारदर्शक आच्छादन घालून देण्याची रीत आपल्याच दुकानांनी हौसेने उचलली. कातरणाच्या पिशव्या शिवणारा कारागीर ‘जुनाट’ ठरला, आणि कातरण पोत्यांत भरून कचऱ्याच्या ढिगावर जाऊ लागले.

यानंतरचा इतिहास कायद्यांचा आहे, आणि तो फारसा उत्साहवर्धक नाही. केंद्र सरकारने या पिशव्यांविषयी पहिले नियम १९९९ साली केले. पुढे दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर आभाळ कोसळले. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व शेकडो माणसे दगावली. भरतीची वेळ, मिठी नदीवरील अतिक्रमणे, जुनी अपुरी गटारे अशी कारणे अनेक होती. परंतु गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्या सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या, म्हणून पहिला कोप त्यांच्यावर झाला. महाराष्ट्राने २००६ साली ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांस बंदी केली. केंद्राने तीच मर्यादा २०१६ साली घातली, २०२१ च्या सप्टेंबरात ती ७५ वर नेली व २०२२ च्या अखेरीस १२० वर. दरम्यान २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने पिशव्या, ताटे, वाट्या, पेले, चमचे व थर्माकोलची भांडी या सर्वांवरच बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड, दुसऱ्यास दहा हजार, आणि तिसऱ्यास पंचवीस हजार व तीन महिने कैद अशी तरतूद केली. ती जाहीर झाल्यावर मंडईत काही आठवडे खरोखरच कापडी पिशव्या दिसू लागल्या. पुढे काय झाले ते वाचकांस ठाऊकच आहे.

पिशवीची जाडी वाढविण्यात सरकारचा एक हिशेब होता, तो समजून घेण्यासारखा आहे. आपल्या पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली. संघटनेचे नाव नीट वाचावे: कागद, काच, पत्रा. ज्याला भंगाराच्या दुकानात भाव आहे ते उचलले जाते. पातळ पिशवी पाच ग्रॅमची धरली तर एका किलोस दोनशे पिशव्या वेचाव्या लागतात, त्याही ओल्या व खरकट्या. एवढे करून हाती पडते ते काय? म्हणून ती कोणी उचलीत नाही व ती ओढ्याला जाते. जाड पिशवीला किंमत येईल, म्हणजे दुकानदार ती फुकट देणार नाही व वेचणारा ती सोडणार नाही, असा हा विचार. तो चुकीचा नव्हता. पण हातगाडीवरच्या भाजीवाल्याकडे मायक्रॉन मोजण्याचे यंत्र कोठून असणार, आणि पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाणार नाही याची हमी त्याला कोण देणार?

परदेशांतील दोन-तीन दाखले आम्हांस अधिक उद्‌बोधक वाटले. आयर्लंडने २००२ साली प्रत्येक पिशवीवर १५ सेंटांचा कर बसविला, आणि माणशी वर्षाला ३२८ पिशव्या वापरल्या जात त्या २१ वर आल्या. हे काम सरकारचे झाले. परंतु लंडनमध्ये क्लेअर मॉर्समन या बाईंनी २००७ साली जुन्या चादरी-पडद्यांच्या पिशव्या शिवून रस्त्यात लोकांना फुकट वाटण्यास आरंभ केला, आणि ऑस्ट्रेलियातील बर्ले हेड्स या गावी २०१३ साली टानिया पॉट्स व जॉर्डिन डी बोअर यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांस जमवून टाकाऊ कापडाच्या पिशव्या शिवविल्या. त्या दुकानात एका पेटीत ठेवावयाच्या. ज्याला हवी त्याने न्यावी व पुन्हा आणून टाकावी. या चळवळीस त्यांनी ‘बूमरँग बॅग्ज’ असे नाव दिले व ती पुढे अनेक देशांत पसरली. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगावयाचे तर, आम्हांस थोडी लाज वाटली. ज्यांच्या घराण्यात सुई नव्हती त्यांनी सुई हाती घेतली, आणि आपण?

त्यातूनच आपल्या मोहिमेचा जन्म झाला. आठ-दहा स्वयंसेवक, महिला मंडळाच्या काही भगिनी व तीन शिवणयंत्रे एवढ्या बळावर दर रविवारी सकाळी काम सुरू झाले. कातरण बांधवांच्या दुकानांतून फुकट मिळाले. पहिल्या खेपेस दीडशे पिशव्या तयार झाल्या व त्या मंडईतील भाजीवाल्यांकडे, बर्ले हेड्सच्या धर्तीवर, नेऊन ठेवल्या. तीन आठवड्यांत त्यांतील एकही परत आली नाही! चौकशी करता कळले की, आपल्या भगिनींनी रंगसंगती साधून, काठ लावून त्या इतक्या सुरेख शिवल्या होत्या की नेणाऱ्या बायकांनी त्या कपाटात जपून ठेवल्या, आणि भाजीला जाताना नेहमीप्रमाणे रिकाम्या हातानेच गेल्या. शिवाय बंद आखूड असल्याने पिशवी खांद्याला अडकत नव्हती, आणि तोंड अरुंद असल्याने वजनकाट्याच्या पारड्यातून भाजी तीत ओतता येत नव्हती. ही चूक आमची. गिऱ्हाइकाचे माप न घेताच आम्ही कापड बेतले होते. दुसऱ्या खेपेस मंडईतील एका भाजीवाल्या मावशींस विचारून माप घेतले. त्यांनी रुंद तोंड, हातभर बंद व मळखाऊ रंग सांगितला, आणि दहा रुपये अनामत ठेवून पिशवी द्यावी, परत आणल्यास दहा रुपये द्यावेत, असेही सुचविले. त्या पिशव्या फिरू लागल्या. सगळ्या परत येतात असे नाही, पण येतात.

आता आक्षेपांविषयी. एका ज्येष्ठ बंधूंनी भर सभेत विचारले की, आमच्या वडिलांनी रात्रंदिवस यंत्र चालवून आम्हांस शिकविले ते आम्ही पुन्हा मंडईत पिशव्या वाटाव्यात म्हणून काय? त्यांच्या बोलण्यात राग होता, तसे दुःखही होते. ज्या सुईने पोट भरले तिच्यापासून दूर जाणे हीच प्रगती असे आपल्या दोन पिढ्यांनी मानले, आणि त्याला कारणे होती. त्यांस वादाने जिंकण्याची आमची इच्छा नाही.

दुसरा आक्षेप मात्र आम्हांस अधिक बोचला. शिवणकामावर एकटीने घर चालविणाऱ्या आपल्या एका भगिनीने शांतपणे विचारले, “तुम्ही पिशव्या फुकट शिवून वाटलीत, तर माझ्याकडून पिशवी विकत कोण घेणार?” या प्रश्नाचा आम्ही विचारच केला नव्हता. सेवेच्या उत्साहात आपण आपल्याच माणसाची मजुरी कापीत होतो. तेव्हापासून नियम केला की, स्वयंसेवकांनी कातरण जमवावे, निवडावे, धुवावे, जोडावे व पिशव्यांची ने-आण करावी. शिवणीचे काम मात्र गरजू भगिनींस नगास मजुरी देऊन द्यावे. अनामतीच्या ज्या पिशव्या परत येत नाहीत त्यांच्या रकमेतून ही मजुरी थोडीफार भागते. उरलेली तूट आजवर देणग्यांनी भरली आहे, आणि ती दर महिन्यास येते हे येथे नमूद केलेच पाहिजे.

कापड कोणते वापरावे, यालाही महत्त्व आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हिशेब मांडला आहे की, नव्या सुती कापडाची पिशवी केवळ हवामानाचा विचार करता ५२ वेळा वापरावी तेव्हा ती प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीच्या बरोबरीस येते, आणि सर्व प्रकारचे परिणाम धरले तर ७,१०० वेळा! कपाशीला लागणारे पाणी, खते व वीज यांचा हा भार आहे. म्हणून समारंभांत नवे कापड आणून पिशव्या वाटण्याची जी प्रथा पडत आहे ती आम्हांस पसंत नाही. कातरण व जुनी लुगडी यांचा भार आधीच उचलला गेला आहे. त्यांतून होणारी पिशवी हीच खरी.

तसेच बाजारात कापडी म्हणून मिळणारी रंगीत पिशवी बहुधा कापडाची नसते. कारागिरांनी तिचा धागा ओढून पाहावा. विणीत उभे-आडवे धागे असतात. हिच्यातून धागा निघतच नाही, कारण ती विणलेलीच नाही. कडेला काडी लावली तर सुती कापड कागदासारखे जळून राख होते. ही आक्रसून वितळते व थंड झाल्यावर तिचा कठीण मणी होतो. ती प्लॅस्टिकच होय. २०१८ च्या बंदीत तिचाही समावेश होता. पुढे जाड पिशव्यांस मुभा मिळाली.

शेवटी घरचाच एक वृत्तान्त सांगितला पाहिजे. मोहीम सुरू झाल्यावर दोनच महिन्यांनी आपला वधूवर मेळावा झाला. जेवण ठेकेदाराकडे दिले होते आणि देखरेख आमच्याकडे होती. पंगत बसली तेव्हा पाने म्हणून थर्माकोलची ताटे आली, पाण्याचे पेले प्लॅस्टिकचे. बाहेरच्या टेबलावर आपल्या कातरणाच्या पिशव्या मांडलेल्या होत्या! एका लहान मुलीने मोठ्याने विचारले, ते आम्ही येथे लिहीत नाही. ठेकेदारास बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याला आम्ही काही सांगितलेच नव्हते.

येत्या वार्षिक सभेत कार्यकारी मंडळ पुढील ठराव मांडणार आहे: संस्थेच्या कोणत्याही कार्यक्रमात एकदा वापरून फेकावयाचे प्लॅस्टिक अथवा थर्माकोल येऊ नये, आणि ठेकेदाराशी करार करतानाच हे लिहून घ्यावे. पळसाच्या पत्रावळी व द्रोण यांचा भाव विचारला असता तो ताटांहून जास्त पडतो. स्टीलची ताटे घेतल्यास घासणाऱ्या दोन बायकांची मजुरी वाढते. या वाढीव खर्चासाठी प्रवेश शुल्क किती वाढवावे, यावर मंडळात एकमत झालेले नाही. सभासदांनी आपापली मते सभेपूर्वी कार्यालयात लेखी कळवावीत, आणि कातरण देणाऱ्या दुकानदार बंधूंनी सुती व कृत्रिम धाग्याचे कापड वेगवेगळ्या पोत्यांत भरून ठेवावे.