भात निसवताना पावसाने दडी मारली तर...

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही मालवण किनारपट्टीवरील भात एखाद्या वर्षी पाण्यावाचून पोचट राहते. जांभ्या जमिनीत पाणी फार काळ टिकत नाही. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाने ८-१० दिवस दडी मारली, तरी वरकस जमिनीतील पिकाला ताण बसतो.

मुळांना पाणी मिळेनासे झाले, की पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटू लागतात. त्यामुळे ओलावा वाचतो. पण त्याच वाटेने आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. प्रकाशसंश्लेषण मंदावते, पाने सुरळीसारखी वळतात. फुटवे येण्याच्या काळातील ताण पाऊस परतल्यावर पीक बऱ्याच अंशी भरून काढते. निसवताना तशी सवड नसते. लोंबी पोटरीतून पुरती बाहेर पडत नाही, परागकण वांझ होतात आणि दाणा धरत नाही. त्यानंतर ताण बसल्यास दाणा बारीक व हलका राहतो.

म्हणूनच वरकस जमिनीत लवकर तयार होणाऱ्या हळव्या जाती आणि सखल खाचरांत गरव्या जाती लावण्याची कोकणात पद्धत आहे. बांध भक्कम राखून पाणी अडवणे आणि निसवताना विहिरीचे एखादे पाणी देणे, हेही उपाय आहेत. पिकाचा अंदाज बांधताना एकूण पावसाइतकीच त्या मोजक्या दिवसांतील ओलही पाहावी लागते.