दोनातुस पंथ

दोनातुस पंथ (डोनॅटिझम) हा इ.स.च्या चौथ्या व पाचव्या शतकांत रोमन साम्राज्याच्या उत्तर आफ्रिकेतील प्रांतांत प्रबळ असलेला ख्रिस्ती पंथ होता. पतित धर्मगुरूने केलेले संस्कार ग्राह्य ठरतात काय, या प्रश्नावरून तो मुख्य चर्चपासून वेगळा झाला.

पार्श्वभूमी

रोमन सम्राट डायोक्लेशन याने इ.स. ३०३ मध्ये ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. अनेकांनी ग्रंथ देण्यास नकार देऊन मृत्यू पत्करला. काही धर्मगुरूंनी मात्र ते अधिकाऱ्यांच्या हवाली केले. अशांना लॅटिन भाषेत ‘त्रादितोरेस’, म्हणजे ‘हवाली करणारे’, असे म्हटले जाई.

फूट

इ.स. ३११ च्या सुमारास सेसिलियन हा कार्थेजचा बिशप झाला. त्याला दीक्षा देणाऱ्या आप्तुंगीच्या फेलिक्सवर ग्रंथ हवाली केल्याचा आरोप होता. त्यामुळे नुमिडियातील सुमारे ७० बिशपांनी ही दीक्षा अमान्य करून मायोरिनस याची निवड केली. त्याच्यानंतर आलेल्या दोनातुसच्या नावावरून हा पंथ ओळखला जातो.

सम्राट कॉन्स्टंटाईनकडे तक्रार गेल्यावर इ.स. ३१३ मध्ये रोम येथे व ३१४ मध्ये आर्ल येथे निर्णय सेसिलियनच्या बाजूने लागला. पुढे चौकशीत फेलिक्सही निर्दोष ठरला. ज्यांचा दोष सरकारी दप्तरातून सिद्ध होईल त्यांना पदच्युत करावे, परंतु त्यांनी दिलेल्या दीक्षा ग्राह्य धराव्यात, असा नियम आर्लच्या परिषदेने केला.

तात्त्विक वाद

दोनातुसपंथीयांच्या मते अपवित्र धर्मगुरू इतरांना पावित्र्य देऊ शकत नाही. म्हणून आपल्या पंथात येणाऱ्यांना ते पुन्हा बाप्तिस्मा देत. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने याचे खंडन केले. संस्काराचा खरा दाता ख्रिस्त आहे, धर्मगुरू केवळ सेवक होय, असे त्याचे प्रतिपादन होते. अन्यथा धर्मगुरूच्या गुप्त पापामुळे निर्दोष श्रद्धावंताचा बाप्तिस्माही संशयास्पद ठरला असता.

परिणाम

इ.स. ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांच्या बिशपांची परिषद झाली. शाही अधिकारी मार्सेलिनस याने दोनातुसपंथीयांविरुद्ध निकाल दिला व पुढील वर्षी पंथावर बंदी आली. प्रारंभी सक्तीला विरोध करणाऱ्या ऑगस्टीननेही नंतर तिचे समर्थन केले. संस्काराची ग्राह्यता धर्मगुरूच्या चारित्र्यावर अवलंबून नाही, हे तत्त्व पुढे कॅथलिक चर्चने कायम ठेवले. दोषी धर्मगुरूस पदावरून दूर करण्याचा अधिकारही चर्चकडेच राहिला.