कादंबरीतला दरबार आणि वाचकाचे अश्रू

थेऊरच्या गणपतीचे दर्शन घेऊन मुळा-मुठेच्या काठी रमाबाईंच्या समाधीपाशी जो मराठी वाचक क्षणभर थांबतो, त्याच्या मनात इतिहासाचा ग्रंथ क्वचितच असतो. बहुधा तेथे ‘स्वामी’ असते. बेळगावनजीकच्या कोवाड गावचे रणजित देसाई यांची ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले आणि १९८७ साली दूरदर्शनच्या मालिकेने ती घरोघरी पोहोचविली.

या कादंबरीचा कणा इतिहासाचाच आहे. पानिपतानंतर १७६१ साली सोळा वर्षांचे माधवराव पेशवेपदावर आले. १७६३ साली राक्षसभुवनी निजामाचा पराभव, हैदरावरील स्वाऱ्या, १७६८ साली धोडप येथे चुलते राघोबादादांचा पाडाव आणि अखेर १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयाने झालेला मृत्यू, यांपैकी काहीही कल्पित नाही.

परंतु वाचकाचे डोळे पाणावतात ते राक्षसभुवनाच्या विजयाने नव्हे, तर माधवराव आणि रमाबाई यांच्या एकांतातील संभाषणाने. हे संभाषण मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. दप्तराचा कारकून वसूल, कर्ज आणि स्वाऱ्या टिपीत असे; अंतःपुरातील बोलणे टिपणे हे त्याचे काम नव्हते. कागद जेथे मुका होतो, तेथे कादंबरीकार बोलू लागतो.

शिवाय वाचकाचे गाव बदलले की त्याचे ममत्वही बदलते. धोडपच्या प्रसंगी दमाजी गायकवाडांचे साह्य राघोबांना होते, हे बडोद्याच्या वाचकाला ठाऊक असते. १७७२ च्या आरंभी महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमला दिल्लीत आणून बसविले, हे ग्वाल्हेरचा वाचक अभिमानाने सांगतो. राक्षसभुवनी पडलेला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हा देशस्थ ब्राह्मण होता, हे हैदराबादच्या मराठी माणसाला विसरून चालत नाही. दरबार एकच, पण तो पाहणारे डोळे निरनिराळे.

या साऱ्यांत सर्वांत नाजूक स्थळ म्हणजे रमाबाईंचे सहगमन. तेही घडलेलेच आहे. मात्र कादंबरीच्या करुण ओघात ते प्रेमाची परिपूर्ती वाटू लागते, आणि तेथेच वाचकाने सावध व्हावयास हवे. ऐन तारुण्यातील, निपुत्रिक अशी ती स्त्री चितेवर गेली, तेव्हा तिच्यापुढे दुसरा कोणता मार्ग समाजाने मोकळा ठेवला होता? १८२९ साली बंगाल इलाख्यात आणि १८३० साली मुंबई इलाख्यात सतीची चाल कायद्याने बंद करावी लागली, ती अशा चितांमुळेच. अश्रू रमाबाईंसाठी यावेत. चितेचे तेज पाहून ते येऊ नयेत.

म्हणून ‘स्वामी’ वाचू नये असे नव्हे. पेशव्यांच्या नावापलीकडे काही ठाऊक नसलेल्या वाचकाला या कादंबरीने थेऊरपर्यंत आणून सोडले, हे तिचे ऋण मोठे आहे. तेथून पुढे ‘मराठी रियासत’ हाती घेऊन कोणते पान दप्तराचे आणि कोणते लेखकाच्या अंतःकरणाचे, हे ओळखण्याचे काम वाचकाचे आहे. तसे केल्याने माधवराव लहान होत नाहीत आणि रमाबाईंविषयीची माया आटत नाही. ती अधिक जाणती होते.