यंत्रमानवसाहाय्यित मेंदू शस्त्रक्रिया

कवटीचा मोठा तुकडा न काढता, काही मिलिमीटरांच्या छिद्रातून मेंदूतल्या खोल बिंदूपर्यंत सुई, इलेक्ट्रोड किंवा लेसरचा तंतू पोचवण्यासाठी संगणकनियंत्रित यांत्रिक हाताची मदत घेऊन केलेली शस्त्रक्रिया. अपस्मारात (फेफरे) झटक्यांचा उगम शोधणे, गाठीचा नमुना तपासणीसाठी काढणे आणि कंपवाताच्या रुग्णात खोल मेंदूला विद्युत उत्तेजन देणारे इलेक्ट्रोड बसवणे ही तिची मुख्य क्षेत्रे. यंत्रमानवच शस्त्रक्रिया करतो, हा समज वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी रूढ केला आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा ठरलेली दिशा धरून स्थिर उभा असतो. हाड भेदणे आणि सुई आत सरकवणे ही कामे सर्जनच करतो.

या तंत्राचा पाया यंत्रमानवाहून बराच जुना आहे. 1908 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी माकडाच्या डोक्याला घट्ट बसणारी धातूची चौकट बनवली आणि तीन अक्षांवरच्या मापांनी मेंदूतला बिंदू निश्चित करण्याची पद्धत मांडली. माणसावर ही पद्धत फिलाडेल्फियात अर्न्स्ट स्पीगेल आणि हेन्री वायसिस यांनी वापरली. त्यांचा लेख 1947 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी चौकटीवर कमान चढवली. कमानीच्या केंद्राशी लक्ष्यबिंदू ठेवला, की सुई कोणत्याही कोनातून सोडली तरी ती तिथेच पोचते. ही रचना इतकी सोयीची ठरली की तिच्या सुधारित आवृत्त्या आजही शस्त्रक्रियागृहांत दिसतात. भारतात मद्रासला बी. राममूर्ती आणि व्ही. बालसुब्रमण्यम यांच्या चमूने 1960 नंतरच्या दशकात या प्रकारच्या अनेक शस्त्रक्रिया केल्या. त्या काळी लक्ष्य डोळ्यांना दिसत नसे. मेंदूच्या पोकळ्यांत हवा किंवा रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घ्यायचे आणि नकाशावरून अंदाज बांधायचा, अशी रीत होती. 1970 नंतर सीटी स्कॅन आला आणि बिंदूची मापे थेट चित्रावरून मिळू लागली. मापे संगणकात आहेतच, तर ती हाताने चौकटीवर का लावायची, हा प्रश्न मग ओघानेच आला.

त्याचे पहिले उत्तर कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे मिळाले. 1985 मध्ये यिक सान क्वोह आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मेमोरियल मेडिकल सेंटरमध्ये ‘प्यूमा 200’ हा कारखान्यात जुळणीच्या कामासाठी बनवलेला यांत्रिक हात मेंदूच्या बायॉप्सीसाठी वापरला. माणसावरील शस्त्रक्रियेत यंत्रमानव वापरल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. या यांत्रिक हाताने सुईची मार्गदर्शक नळी ठरलेल्या जागी नेऊन धरली. त्यानंतर त्याचा वीजपुरवठा तोडून तो जागीच जखडला आणि सर्जनने नळीतून सुई घातली. हा वापर फार काळ चालला नाही. असा हात माणसांपासून कुंपणाआड ठेवून चालवण्यासाठी बनवलेला आहे, रुग्णाशेजारी तो सुरक्षित नाही, असे सांगून उत्पादक कंपनीने या कामास नकार दिला. आज मागे पाहताना ही भूमिका कंपनीचा भित्रेपणा म्हणून रंगवली जाते. ते अन्यायाचे आहे. शस्त्रक्रियेच्या यंत्रमानवाची सुरक्षितता कशी तपासावी याचे नियमच तेव्हा अस्तित्वात नव्हते. तरीही 1991 मध्ये टोरांटोच्या बालरुग्णालयात जेम्स ड्रेक यांच्या चमूने सहा मुलांच्या मेंदूतील थॅलॅमस या खोल भागातल्या गाठी काढताना हाच हात मेंदूचा भाग बाजूला धरून ठेवण्यासाठी वापरल्याची नोंद प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंडमधील लोझानचा ‘मिनर्व्हा’ हा यंत्रमानव सीटी यंत्राच्या आतच काम करत असे. रुग्णाला पूर्ण वेळ त्या यंत्रात ठेवावे लागे आणि तो प्रकल्प लवकरच थांबला. टिकला तो ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांच्या कामातून पुढे आलेला ‘न्यूरोमेट’. 1997 मध्ये त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. खोल मेंदूच्या विद्युत उत्तेजनाचे आधुनिक तंत्र रूढ करणारे बेनाबिद हेच. फ्रान्सच्याच माँपेल्ये शहरातील मेडटेक कंपनीचा सहा सांध्यांचा ‘रोझा’ नंतर आला आणि आज अपस्मार केंद्रांत तो सर्वाधिक परिचित आहे.

हे तंत्र सर्वांत उपयोगी पडते ते औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात. झटका मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात सुरू होतो हे डोक्यावर लावलेल्या तारांवरून नेहमीच कळत नाही. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झाँ तालेराक आणि झाँ बांको यांनी 1950 नंतरच्या दशकात मेंदूच्या आत बारीक इलेक्ट्रोड घालून तिन्ही मितींत नोंद घेण्याची पद्धत विकसित केली. एका रुग्णात असे दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक इलेक्ट्रोड लागतात. प्रत्येकाची जाडी सुमारे 0.8 मिलिमीटर, प्रत्येकाचा मार्ग, कोन आणि खोली वेगळी. चौकटीवर दर वेळी नवी मापे लावणे वेळखाऊ, आणि एखादा आकडा चुकण्याची धास्ती कायम. यंत्रमानवाचा खरा फायदा इथेच आहे: तो दहाव्या मार्गावरही पहिल्याइतकाच ताजा असतो.

शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय आणि रक्तवाहिन्यांची चित्रे संगणकात एकमेकांवर बसवली जातात. प्रत्येक इलेक्ट्रोडचा प्रवेशबिंदू आणि लक्ष्यबिंदू सर्जन स्वतः ठरवतो. वाटेत रक्तवाहिनी येणार नाही अशी रेघ शोधण्यात कधीकधी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेइतका वेळ जातो. भूल दिल्यावर रुग्णाचे डोके पकडीत घट्ट बसवून ती पकड यंत्रमानवाच्या तळाशी जोडतात. मग चित्रातले डोके आणि टेबलावरचे डोके यांची जुळणी होते: कवटीत बसवलेल्या खुणांवरून, चौकटीवरून किंवा चेहऱ्यावर फिरवलेल्या लेसरवरून. सगळ्या अचूकतेची मदार या पायरीवर आहे. जुळणी दोन मिलिमीटरने चुकली, तर यांत्रिक हात तेवढीच चुकीची जागा निष्ठेने दाखवत राहतो. जुळणी झाल्यावर हात एकेका मार्गावर येऊन थांबतो, सर्जन नळीतून सुमारे अडीच मिलिमीटरचे छिद्र पाडतो, पोकळ स्क्रू बसवतो आणि इलेक्ट्रोड आत सोडतो.

मिलानच्या निग्वार्दा रुग्णालयातील फ्रांचेस्को कार्दिनाले आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अशा 500 शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. जुन्या कार्यपद्धतीत प्रवेशबिंदूशी मध्यक चूक 1.43 मिलिमीटर होती. न्यूरोमेट आणि त्रिमितीय चित्रण यांची जोड असलेल्या नव्या पद्धतीत ती 0.78 वर आली. लक्ष्यबिंदूशी मात्र 2.69 वरून 1.77 पर्यंतच उतरली. सुधारणेचे सगळे श्रेय यंत्रमानवाला देता येत नाही, कारण चित्रणही बदलले होते. लक्ष्यबिंदूच्या आकड्यांत अधिक शिकण्यासारखे आहे. हात कितीही ताठ असला, तरी तिरक्या हाडावर ड्रिल घसरतो आणि लवचीक इलेक्ट्रोड मऊ ऊतीत किंचित वळतो. कवटीच्या आत गेल्यावर यंत्रमानवाची सत्ता संपते.

मेंदूची जागा बदलणे ही आणखी एक अडचण. कवटी उघडून मस्तिष्कमेरुद्रव वाहून गेला की मेंदू खाली बसतो, कधी सेंटिमीटरभरही, आणि सकाळी घेतलेले चित्र जुने होते. बारीक छिद्रांतून काम केल्यास हे सरकणे बरेच कमी राहते; म्हणूनच यंत्रमानव सुईच्या कामात रुळला आणि मोठ्या गाठी काढण्यात फारसा शिरला नाही. पोटाच्या शस्त्रक्रियांत पसरलेला ‘दा विंची’ यंत्रमानवही मेंदूत रूढ झालेला नाही. त्याची उपकरणे जाड आहेत आणि त्यांना एकमेकांपासून अंतर लागते, तर इथे एकच अरुंद वाट असते. सॉफ्टवेअरचे दोषही घडतात: हात चुकीच्या जागी येण्याच्या शक्यतेमुळे 2019 मध्ये ‘रोझा ब्रेन 3.0’ संदर्भात सूचना निघाली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला सर्वांत गंभीर वर्गात टाकले.

वेगळ्या वाटेचा प्रयत्न कॅनडात झाला. कॅल्गरीचे गार्नेट सदरलंड यांनी अंतराळयानाचा ‘कॅनडार्म’ बनवणाऱ्या कंपनीबरोबर ‘न्यूरोआर्म’ घडवला. शेजारच्या खोलीत बसलेल्या सर्जनच्या हालचाली तो लहान करून, हाताची थरथर गाळून उपकरणाकडे पाठवतो आणि स्पर्शाचा जोर सर्जनच्या हाताला परत जाणवून देतो. एमआरआयच्या चुंबकाजवळ चालावे म्हणून त्याची घडणही वेगळी आहे. 2008 मध्ये त्याच्या मदतीने गाठ काढण्यात आली. अभियांत्रिकी म्हणून हे काम अधिक महत्त्वाकांक्षी, पण दिशा धरून ठेवणाऱ्या साध्या यंत्रांइतके ते पसरले नाही.

भारतातील लक्षणीय काम नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील पी. शरत चंद्र यांच्या चमूचे. काही मुलांत मेंदूचा एक संपूर्ण अर्धगोल झटक्यांचे मूळ असतो आणि त्याचा दुसऱ्याशी असलेला संबंध तोडावा लागतो. नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी कवटी उघडावी लागते. लहान मुलाच्या अंगात रक्तच थोडे असल्याने रक्तस्राव हा तिथला मोठा धोका. या चमूने यंत्रमानवाच्या साहाय्याने छिद्रातून रेडिओलहरींची सुई घालून, एकाला एक लागून अनेक बिंदू उष्णतेने जाळत तोडणीची सलग प्रतले तयार केली आणि 2021 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. दोन जळलेल्या बिंदूंमध्ये फट राहिली तर झटके त्या वाटेने पलीकडे जाऊ शकतात, म्हणून बिंदूंची आखणी हाच या पद्धतीतला सर्वांत किचकट भाग आहे.