भोपाळचा वेढा : बाहेरून आणि आतून

पुण्याहून गाडीने खजुराहोला जायचं तर मध्ये भोपाळ लागतं. आमच्या प्लॅनमध्ये भोपाळ म्हणजे जेवण आणि झोप, बास. पण सेंधव्यालाच बाबांनी जाहीर केलं, "तळ्यावर थांबायचं. बाजीरावाने निजामाला कोंडलं ती जागा बघायची." बाबा म्हणाले म्हणजे थांबणं आलंच.

शाळेत आपल्याला पालखेड (1728) शिकवतात, भोपाळ एका ओळीत उरकतात. मला विचाराल तर भोपाळ जास्त भारी आहे. मार्च 1737 मध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर धडकला. हादरलेल्या मुहम्मदशहाने निजामाला बोलावून घेतलं. निजाम तोफा, फौज असा सगळा लवाजमा घेऊन माळव्यात उतरला आणि डिसेंबरात मराठे अंगावर येताहेत म्हटल्यावर भोपाळच्या तटाच्या आसऱ्याला गेला. तट आहे, शेजारी एवढं मोठं तळं आहे, तोफा आहेत. कागदावर डिझाइन एकदम बरोबर!

बाजीरावाने तट फोडायचा नादच केला नाही. त्याने रसद तोडली. तिकडे दक्षिणेतून निजामाचा मुलगा नासिरजंग मदत पाठवेल म्हणून चिमाजीअप्पा तापीकाठी बसलेले. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर हॅक करायची गरजच नाही, लाइन कापली की काम झालं. आत माणसांचे आणि जनावरांचे हाल सुरू झाले. जानेवारी 1738 मध्ये दोराह्याला (हे आजच्या सीहोर जिल्ह्यात) तह झाला. माळवा, नर्मदा ते चंबळ मधला मुलूख आणि 50 लाख रुपये निजामाने कबूल केले.

हे सगळं बाबा तळ्याकाठी आम्हाला सांगत होते. शेजारी चहा विकणारे एक म्हातारे गृहस्थ होते. बाबांनी उत्साहात विचारलं, "चाचा, पेशवा की फौज कहाँ रुकी थी?"

"वो तो पता नहीं साहब. पर मराठों ने घेरा डाला था, हमारे नाना सुनाते थे. शहर ने दिया नहीं."

बाबा चमकले. दिला नाही म्हणजे?

चाचा बोलत होते तो वेढा वेगळा. 1812-13 चा. त्या वेळी शिंदे आणि नागपूरकर भोसले दोघांच्या फौजा मिळून भोपाळवर चालून गेल्या होत्या. कित्येक महिने वेढा चालला. पद्धत तीच, उपासमारीची. पण या वेळी आत वजीर मुहम्मद खान होता, आणि त्याने शहर पडू दिलं नाही. याला हिंदू-मुसलमान असा सरळ रंग देणाऱ्यांसाठी एक माहिती : नागपूरकरांच्या फौजेचा सरदार होता सादिक अली. आपल्या पुस्तकांत मला तरी हा वेढा कधी भेटला नाही. हरलेल्या वेढ्यावर धडा कोण लिहिणार म्हणा. बाबा चहा संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "नागपूरकर म्हणजे आपलेच की."

त्या वेढ्यात आत जी पोरं होती, त्यांत अकरा-बारा वर्षांची एक मुलगी होती. हीच पुढची कुदसिया बेगम. वजीर मुहम्मदच्या मुलाशी तिचं लग्न झालं. 1819 मध्ये नवरा पिस्तुलाची गोळी चुकून सुटल्याने गेला. पदरात तान्ही मुलगी, सिकंदर. अठरा-एकोणीस वर्षांच्या या बाईने त्या मुलीच्या नावाने कारभार हातात घेतला. मधली काही वर्षं सोडली तर मग सिकंदर, शाहजहाँ, सुलतान जहाँ अशा एकामागून एक बायकांनीच 1926 पर्यंत भोपाळ चालवलं. सुलतान जहाँ तर अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती. (1920 साली! तेव्हा आपल्याकडे मुलींना शाळेत घालावं की नाही यावर वाद चालू होते.)

भोपाळ म्हटलं की आपल्याला 1984 चा वायू तेवढा आठवतो. जुना फतेहगड किल्ला होता त्या आवारात आज गांधी मेडिकल कॉलेज आणि हमीदिया रुग्णालय आहे. त्या डिसेंबरच्या रात्री माणसं जीव घेऊन पळाली ती याच हमीदियाकडे. तटाचे थोडे अवशेष अजून दिसतात.

आणि कुदसिया बेगम? वेढ्यात वाढलेल्या या बाईने पुढे स्वतःचा पैसा कशात घातला असेल? शहराच्या पाणीपुरवठ्यात. पाणी लोकांना फुकट.