फलकावरचे नाव

पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर एक खाणावळ उघडली. इंग्लंडमध्ये हिंदी माणसाने काढलेली ही पहिली खाणावळ मानली जाते. नाव ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’, पण कॉफीचा संबंध बेताचाच. वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्तानची निसर्गचित्रे, शिवाय हुक्क्याची सोय. ही सारी सजावट कंपनी सरकारची नोकरी करून परतलेल्या साहेबांसाठी होती. त्यांना जो हिंदुस्तान आठवत होता, तोच शेखसाहेबांनी भिंतीवर टांगला. धंदा चालला नाही. १८१२ मध्ये दिवाळे निघाले. स्थलांतरिताचे अन्न विकायचे तर गिऱ्हाइकाच्या मनातले चित्र आधी रंगवावे लागते, ही रीत मात्र तेव्हापासून पडली.

पुढे ही रीत सिल्हेटच्या लोकांनी चालवली. ब्रिटिश बोटींवर भट्टीत कोळसा ओढणारे हे खलाशी लंडनच्या गोदीत उतरत आणि तिथेच राहत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पूर्व लंडनमध्ये अशा खलाशांसाठी ‘शाह जलाल’ नावाचे एक कॉफी हाऊस होते. शाह जलाल हे सिल्हेटचे वली. हे नाव वाचून कुठला गोरा आत शिरणार? ते आपल्याच माणसांसाठी होते. गोऱ्यांसाठी काढलेल्या हॉटेलांवर ‘ताजमहाल’, ‘कोहिनूर’ अशी नावे आली आणि खाली ‘इंडियन रेस्टॉरंट’. १९४७ नंतर हे लोक कागदोपत्री पाकिस्तानी झाले, १९७१ नंतर बांगलादेशी. फलक ‘इंडियन’च राहिला. मखमली नक्षीचा लाल कागद भिंतीवर, घुमटाचे चित्र मेन्यूवर. ज्याने हे लावले, त्याच्या गावात ना ताजमहाल होता ना असला कागद.

मला इथे कोकणातली घरे आठवतात. घरी तांदळाची भाकरी आणि सुकट. पण रमजानच्या बाजारात गाडी लावली की पाटीवर ‘शाही’ आणि ‘मुघलाई’! सिल्हेटची सुकी मासळी, म्हणजे शुटकी, आणि सातकरा या आंबट फळात शिजवलेले मांस ‘इंडियन’ मेन्यूवर असेच क्वचित दिसले.

ब्रिक लेन ही या लोकांची मुख्य पेठ. तिथला रंग बदलला, तो कुणा चित्रकाराच्या लहरीने नव्हे. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या पंचविशीतल्या कापड कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. ही गल्ली आमची आहे, हे आधी असे पायांनी लिहिले गेले. रंग त्यानंतर आला. १९९७ मध्ये गल्लीच्या तोंडाशी कमान उभी राहिली. कमानीला आणि दिव्यांच्या खांबांना बांगलादेशच्या झेंड्याचे लाल-हिरवे रंग दिले गेले, रस्त्यांच्या नावांच्या पाट्या बंगालीतही लागल्या. ‘बांगलाटाऊन’ हे नाव २००२ मध्ये महापालिकेच्या प्रभागालाही जोडले गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बैशाखी मेळा सुरू झाला आणि मोठी गर्दी खेचू लागला.

दीन मुहम्मदांच्या भिंतीपेक्षा हे वेगळे खरे. इथे रंग स्वतः निवडलेले होते. तरी पाहुण्यांना बोलावताना जाहिरात झाली ती ‘करीची राजधानी’ अशीच. ‘करी’ हा साहेबाच्या तोंडचा शब्द. सिल्हेटी घरात कोणी ‘आज करी केली आहे’ म्हणत नाही.

२०२२ मध्ये जवळच्या व्हाइटचॅपल स्टेशनवर बंगाली पाटी लागली. २०२५ मध्ये एका ब्रिटिश खासदाराने ती फक्त इंग्रजीत हवी, अशी जाहीर मागणी केली. उर्दू शाळेत शिकवणाऱ्याला हे ऐकून नवल वाटत नाही. त्याच वर्षी आपल्या अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावरील उर्दूचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता; न्यायालयाने मराठीसोबत उर्दू राहू दिली.

ब्रिक लेनची कमान आजही उभी आहे. मात्र २००० च्या दशकाच्या मध्यास तिथे साठेक करी हॉटेले होती, ती २०२० पर्यंत २३ वर आली. भाडी वाढली, व्हिसाच्या नियमांमुळे आचारी मिळेनात, आणि शिकलेल्या मुलांना बापाच्या भटारखान्यात रात्री काढायच्या नाहीत. कमानीखालून जाणाऱ्या पाहुण्याला आता पुष्कळदा कॉफीचीच दुकाने दिसतात.